सोनपाण्याचा गडवा

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बापाकडे कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मायच्या माहेरी सहीच्या जागी अंगठा चालायचा. हे मी ऐटीत सांगते आणि सांगत राहणार, कारण तीन वर्षं रोज सकाळी सायकल दामटत मी गोंदियाला गेले आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधावरून सायकल ढकलत, चप्पल हातात घेऊन. विषयही सोपा घेतला नव्हता. बी.एस्सी., मायक्रोबायोलॉजी. माय शेजारणीला सांगायची, "पोरगी किड्याचं शिकून राहिली."

तर अशा पोरीचं पहिलं बाळंतपण. त्यात जंतूंपासून लेकराला वाचवल्याची गोष्ट निघायला हवी होती. निघाली भलतीच. माझं लेकरू दीड महिन्याचं होईतो दोनदा हगवणीनं सुकलं, आणि तेवढ्यात मी एका बाईचं नाव गावात खराब करून ठेवलं. लेकरू सुधारलं. त्या नावाचं काय झालं, ते सांगायला बसले आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून नवऱ्यानं मला कोहमाऱ्याहून आणून सोडलं. गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी ऑटोतून घरी. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे. विमान शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात आणि खाली आमच्या घरी बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात. विमानाकडे कोणी मान वर करून पाहत नाही. डहाळा सुकला तर मात्र बोभाटा होतो.

दुसऱ्या दिवसापासून सुईन मावशी यायला लागली. आता गावात घरी बाळंतपणं होत नाहीत, त्यामुळे तिच्याकडे उरलं आहे ते सव्वा महिना लेकराला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं काम. मलाही तिनंच न्हाऊ घातलेलं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिकडच्या घरचं पाणी आमचे लोक पीत नाहीत. शाळेच्या भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, घराघरात हे अजून आहे, आणि ज्यांना ते दिसत नाही त्यांनी एकदा आमच्याकडे बाळंतीण होऊन पाहावं. अंग चोळायला, पोट बांधायला, लेकराची घाण धुवायला तिचे हात चालतात. ती गेली की त्या हातांचं काय करायचं, याचा इंतजाम घराघरात आहे.

आंघोळ कशी घालावी हे मात्र त्या बाईकडून शिकावं. न्हाणीत पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करायची, लुगडं गुडघ्यावर घ्यायची आणि लेकराला नडग्यांवर पालथं टाकायची. पाणी कोपरानं तपासायची. तेल हातात चोळून गरम झाल्यावरच लेकराच्या पाठीला लावायची. मानेच्या वळ्या एकेक उघडून पुसायची. "दूध सांडून येथंच कुजते," म्हणायची, "वरून लेकरू गोरंपान अन् मानेत नासलं." कानामागं, काखेत, जांघेत जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपून टिपून कोरडं करायची. कानात, नाकात तेल घालू देत नव्हती. माय घालायला बघायची तर म्हणायची, "कढई होय का ते?"

हे सगळं मी तेव्हाही पाहत होते. पण मी शिकलेली. मला दिसला तिचा खर्रा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला माल. आमच्या भागात तो ज्या घरात नाही असं घर दाखवा. मावशीच्या गालात तो असायचाच. तिचा तळहात चुन्यानं पांढरट, बोटं पिवळी. माझा बापही खर्रा खातो, त्याच हातानं नातीला उचलतो, पण बापाचा तळहात मी कधी उलटून पाहिला नाही.

पंधराव्या दिवशी लेकराला हगवण लागली. पातळ, हिरवट, आंबूस वासाची. लंगोट बदलून होत नाही तोवर दुसरा भरायचा. कुल्ले लाल झाले. घरात कोणाला त्याचं काही नाही. "दात येतीन म्हनून," एक काकू म्हणाली. पंधरा दिवसांच्या लेकराला दात. दुसरी म्हणाली, तुझं दूध पातळ आहे. मायचं मत नजर लागली असं. इतक्या जणींमध्ये जंतू हा शब्द उच्चारणारी मी एकटी होते, आणि त्याचा मला गर्वही होता.

आशाताई यायची. ही गावातलीच, आरोग्य खात्याकडून घरोघरी फिरून लेकरांची वजनं घेणारी, आणि नात्यानं सुईन मावशीची सून. झोळीचा काटा आढ्याला अडकवून तिनं वजन केलं. दोन आठवड्यांत वाढायला पाहिजे ते वाढलं नव्हतं, उलट थोडं उतरलं होतं. तिनं वहीतून मान वर न काढता विचारलं, "दुधाशिवाय काही देऊन राहिले का? घुटी, मध, पाणी?"

"ताई, मी शिकलेली आहे," मी म्हणाले. "अंगावरच्या दुधाशिवाय थेंब नाही."

"एकडाव घरात विचारून घ्या."

"विचारायचं काय त्यात?"

तिनं 'नाही' असं लिहिलं आणि साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या देऊन गेली.

मग राहिलं काय? हात. कोणाचे हात? याचं उत्तर शोधायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीच्या दगडावर नवीन साबणाची वडी ठेवली.

"मावशी, लेकरू घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा."

तिनं वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राखेनं धुऊनच येतो मी, पोरी."

"राखेनं नाही. साबणानं. मी थांबा म्हणेपर्यंत."

चुलीपासून माय ओरडली, "धू वो बाई, धू. शिकेल आहे ते, आयकनार नाई."

मावशीनं धुतले. मी मनात मोजत होते. रोज मोजायचे. नखं काढायला लावली, तीही तिनं काढली. आणि ज्या वेळी मी न्हाणीच्या दारात उभी राहून तिची बोटं तपासत होते, त्याच वेळी माझी माय अंगण सारवून, शेणाचा हात नळाखाली नुसता ओला करून लेकराचा लंगोट बदलत होती, तो पिळून वाळत घालत होती आणि त्याच हातानं माझ्यासाठी डिंकाचा लाडू आणून देत होती. तो लाडू मी खात होते. मायच्या हाताला शेणाचा वास यायचा. लहानपणापासून तो मला मायचाच वास वाटत आला आहे, त्यामुळे त्यात जंतू असतील असं तीन वर्षांच्या शिक्षणानंतरही माझ्या डोक्यात आलं नाही.

हगवण थांबेना. पंचविसाव्या दिवशी लेकराला अंगावर प्यायचाही कंटाळा यायला लागला, तेव्हा माझा धीर सुटला. मावशी तिला टिपून कोरडी करत होती.

"मावशी, उद्यापासून नका येऊ."

"काऊन?"

"लेकराची हगवण तुमच्या हातानं होऊन राहिली."

तिनं जांघेतली ओल टिपली. लेकराला कपड्यात बांधलं, गाठ सैल आहे का बघितलं, माझ्या हातात दिलं. तुकडा धुऊन दोरीवर टाकला. मग उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाली, "तुझ्या वक्ताले तुही माय मले हात जोडत आली होती. बरं." आणि गेली.

माय म्हणाली, "बरं झालं. नाईतरी मले ते उठबस करा लागत होती." कोणती उठबस, ते मी विचारलं नाही. मायच्या बोलण्यात नेहमी अशी तक्रार असतेच, त्यातलीच एक असेल म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून माय आंघोळ घालू लागली. कशी, तर विचारू नका. डोळ्यात साबण, कानात पाणी, मानेच्या वळ्या ओल्याच. चार दिवसांत मानेत पुरळ उठलं. पण त्याच चार दिवसांत हगवण बंद झाली. लेकरू पुन्हा पोटभर प्यायला लागलं, हातपाय मारायला लागलं. मला वाटलं, प्रयोगवहीत लिहावं आणि सरांची सही घ्यावी. कारण काढलं, परिणाम गेला. याहून स्वच्छ पुरावा काय असतो?

सव्वा महिना झाला की आमच्याकडे बाळंतिणीनं विहीर पुजायची असते. विहीर बुजली त्याला किती वर्षं झाली, आता बोरिंग पुजतात. लोखंडी दांड्याला हळदकुंकू, पायाशी पाच खडे, ओटीत गहू, आणि मोहल्ल्यातल्या बाया गोळा. त्या दिवशी एकीनं विचारलं, "लेकरू सुधरलं दिसते वो तुहं. काय केलं?"

तिनं विचारलं आणि मी सुरू झाले. जंतू कसे असतात, नखात कसे राहतात, हातावरून तोंडात कसे जातात. आणि शेवटी सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, की मी सुईन मावशीला बंद केलं आणि हगवण बंद झाली. ज्या बाया मला डोक्याला फडकं बांध, पंखा लावू नोको, भात खाऊ नोको म्हणून सांगायच्या, त्या पहिल्यांदा माझं गप्प ऐकून घेत होत्या. एक म्हणाली, "मी तं आधीच म्हनत होती."

गावात दोघींचे दिवस भरत आले होते. दोन्ही घरांनी मावशीला नाही म्हणून सांगितलं. कारण काय दिलं? "बी.एस्सी.वाली बोलली." पाणी उकळून प्या, लेकराची शी झाकून टाका, जेवायच्या आधी हात धुवा, यातलं माझं एक वाक्य त्या गावानं तोवर मनावर घेतलं नव्हतं. हे घेतलं. तेव्हा मी खूश झाले. आता कळतं, ते त्यांना माझ्या शिकवणीची गरज नसतानाच पटलेलं होतं. मी फक्त त्याच्यावर पदवीचा शिक्का मारून दिला.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई पुन्हा आली. सासूचं काय झालं ते तिला माहीत होतं, सगळ्या गावाला होतं. ती दारातूनच बादलीकडे गेली, साबणानं हात धुतले. पंजे, पालथी बाजू, बोटांच्या मधे, अंगठे, नखं. हवेत वाळवले. तसे हात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कोणाला धुताना पाहिलं नव्हतं, आणि ती ते मला दाखवण्यासाठी करत होती हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. वजन केलं. वाढलं होतं. तिनं मानेतलं पुरळ पाहिलं.

"मान कोन पुसते?"

"माय."

"वळ्या उघडून पुसा लागते." इतकंच. मी चहा घ्या म्हणाले, तिनं घेतला नाही, काटा पिशवीत टाकून निघून गेली.

ती फाटकाबाहेर पडली आणि माय देव्हाऱ्याच्या खोलीतून पितळी गडवा घेऊन आली. गळ्यातलं डोरलं काढून त्यात बुडवलं. ते पाणी लेकरावर शिंपडलं, खाटेवर शिंपडलं, आढ्याला जिथं काटा टांगला होता त्या जागेच्या दिशेनंही उडवलं. तेवढं मला माहीत होतं. सोनं बुडवलेलं पाणी शिंपडून घर शुद्ध करतात हे मी जन्मापासून पाहत आले आहे, आणि असल्या गोष्टीला फक्त हसायचं असतं असं माझं धोरण होतं. पण मग मायनं बोट गडव्यात बुडवलं आणि लेकराच्या जिभेवर टेकवलं. एकदा नाही, तीनदा.

"हे काय दिलं, माय?"

"सोनपानी."

"तोंडात कायले?"

"कायले म्हंजे? तिचा हात लागला ना लेकराले."

"तिनं हात धुतले. मी उभी राहून पाहिलं."

"हात धुतल्यानं जात जाते का?"

हे ती रागानं नव्हती म्हणत. समजावून सांगत होती, शिकलेल्या पण थोड्या मंद पोरीला सांगावं तसं.

"याच्या आधीही दिलंस?"

"रोजच तं देत होती. सुईन लेकराले धुवून मले देत होती, अन् मंग तुले धुवाले घेत होती. तू आत शेक घेऊन राहत होती. न्हाताना तिच्या हातचं पानी लेकराच्या तोंडात जाते, मंग ते बाटत नाई का? ते सुईन बंद झाली तवापासून मले ते कराचं काम नाई पडलं."

ही ती उठबस.

"पाणी कधी भरलंस गडव्यात?"

"पहिल्या आंघोळीच्या दिवशी. सोनपानी का शिळं होते? कमी झालं का वरतून घालाचं."

गडवा मी तिच्या हातातून घेतला आणि अंगणात उजेडाला नेला. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. तळाशी तुळशीचं पान काळं पडून विरघळायला आलेलं, मुंगळा एक. वास घेतला. कॉलेजात असल्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा असला की आम्ही बाटल्या घेऊन डबक्यावर जायचो. माझ्या घरात तो देवाजवळ ठेवलेला होता आणि माझ्या लेकराला रोज तीन-तीन बोटं चाखवला जात होता. मी ते पाणी उकिरड्यावर ओतलं. माय ओरडत राहिली, की पायदळी पडते, पाप लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हगवण लागली. या वेळी सोबत ताप आणि उलटी. दुपारपर्यंत लेकरू रडायचं तर डोळ्यात पाणी नव्हतं, टाळू खोल गेलेली, आणि सकाळपासून लघवी नाही. ऑटोत मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, कशाकडेच बघत नव्हती. गोंदिया किती लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं, तीन वर्षं सायकलनं जाऊनही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग विचारलं, "दूध के अलावा क्या दिया?"

"पाणी."

"कौन सा पानी?"

"सोनं बुडवलेलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पढ़ी-लिखी हो?"

"बी.एस्सी."

"किसमें?"

मी विषय सांगितला. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायांना त्यातलं काही कळलं नाही, एवढीच दया. डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून तेही कागदावर लिहिलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस सलाईन चाललं. त्या दोन दिवसांत मी पहिल्या वर्षाच्या पोरालाही जमेल असा हिशोब केला. मावशी येत होती तेव्हा सोनपाणी, हगवण. मावशी बंद, म्हणून सोनपाणी बंद, हगवण बंद. आशाताईनं एक दिवस लेकराला हात लावला, सोनपाणी, हगवण. मावशीच्या हातांचा त्यात संबंध इतकाच, की ते हात तिचे होते. मी जंतू शोधायला निघाले आणि सरळ गावाच्या त्या टोकाला जाऊन थांबले. वाटेत माझ्या घरचा देव्हारा होता, चूल होती, मायचे हात होते, बापाचा खर्रा होता. एकापाशीही मला थांबावंसं वाटलं नाही. कॉलेजनं मला जंतू दाखवले, कुठं बघायचं ते मी माहेरून शिकून गेले होते.

लेकरू बरं होऊन घरी आल्यावर दोन दिवसांनी मी मावशीकडे गेले. ती अंगणात सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती. सून खाटेवर बसून वही भरत होती. बस म्हणून कोणी म्हणालं नाही, मी लेकराला घेऊन उभी राहिले.

"मावशी, हगवण तुमच्या हातानं नव्हती."

"मले माहीत आहे."

"सोनपाण्यानं होती."

"तेबी माहीत आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. "माहीत होतं तर मला सांगितलं काऊन नाही?"

तिनं सूप खाली ठेवलं. "काय सांगाव? चाळीस वर्सं झाले, मी उंबऱ्याभाईर निंगाले का मांगं शिंपडतेत. कोनी नुसतं शिंपडते, कोनी तोंडात घालते. माह्या हातानं लेकरू बाटते म्हनून तं ते पानी. अन् मीच तुह्या मायले सांगू का, ते पानी नोको देऊ?"

लेकरू कुरकुरलं, मी खांदा बदलला.

"तुले सांगाव म्हनलं होतं एकडाव," ती म्हणाली. "पन तू तं माहे नखं पाहून राहिली होती."

सुनेचं लिहिणं थांबलेलं नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माझं. माफ करा."

"माफी येथं कायले आनली? येथच्याले कोनाले शंका होती का? बोरिंगवर बोलली होतीस ना, तेथं बोल."

"मायचं नाव निघेल, मावशी."

"माहं निंगालं तवा?"

लेकराला पदरात घेऊन मी निघाले. परतताना मात्र डोकं चालू होतं. मी वाक्य जुळवत होते: लेकराला पाण्यानं झालं होतं, मावशीचा दोष नव्हता. पाण्यानं म्हटलं की कोणतं पाणी हे सांगावं लागत नाही. बोरिंगचंच खराब असेल म्हणून बाया ग्रामपंचायतीच्या नावानं बोटं मोडतील, माय वाचेल, मावशीही वाचेल, मी शहाणीची शहाणी. असं वाक्य बनवायला मला पाच मिनिटं लागली. शिक्षणाचा तोही एक उपयोग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळी बोरिंगवर गेले. सात-आठ बाया होत्या. मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिचे दिवस भरले होते तिची सासू म्हणाली, "बरं केलं बाई तू सुईन बंद करून. आमीबी तिले पायरी चढू नाई दिली." आणि मग माझ्याच्यानं ते गुळमुळीत वाक्य बोलवेना. मी सांगितलं. माझ्या मायनं महिनाभर सडलेलं सोनपाणी लेकराच्या जिभेला लावलं, त्यानं हगवण झाली. सुईन मावशीच्या हातानं काही झालं नाही. तिचे हात आमच्या घरातल्या कोणाहीपेक्षा स्वच्छ होते. मी त्या दिवशी चुकीचं बोलले.

बादली काठोकाठ भरली होती, कोणी उचलली नाही.

"म्हंजे तुह्या मायनंच," एक म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"शिकेल पोरीनं मायले बोरिंगवर धुतलं," दुसरी म्हणाली. हसल्या सगळ्या.

ती सासू हसली नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "पितळेचा असंल तुमचा गडवा. पितळेत पानी कळकते. आमचा स्टीलचा आहे."

यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी पाणी रोज बदला म्हणाले, तोंडात घालूच नका म्हणाले. स्टीलचा पाहिजे, असं त्या म्हणाल्या. पंधरा मिनिटांच्या माझ्या व्याख्यानाचं फळ म्हणजे गडव्याचा धातू बदलला. पण आठ दिवसांनी त्या घरी सून बाळंत होऊन आली तेव्हा त्यांनी मावशीला बोलावणं पाठवलं, हेही खरं. त्या सुनेनं नंतर मला सांगितलं, मागून शिंपडतात, पण तोंडात घालायचं सासूनं सोडलं आहे.

घरी पोहोचायच्या आत मायला सगळं कळलेलं होतं. ती तांदूळ निवडत बसली होती.

"मले तोंड नाई ठेवलं गावात."

"मावशीला मी ठेवलं नव्हतं."

"घरात सांगाचं होतं."

"घरात सांगितलं होतं. तू जातीचं बोललीस."

"मंग काय खोटं बोलली?" ती म्हणाली, आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाप मध्येच बसून खर्रा घोटत होता, त्यानं कोणाचीच बाजू घेतली नाही.

मावशी आमच्या घरी पुन्हा आली नाही. मी दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "तेथं नाई येत मी. लेकराले धुवाचं शिकाचं असंल तं येथं आन." सासरी जायला दहा-बारा दिवस होते. मग मी रोज सकाळी लेकराला घेऊन, सगळ्या गावाच्या समोरून, तिच्या अंगणात जायला लागले. पाटावर ती मला बसवायची आणि स्वतः शेजारी उभी राहून बोलायची. पाय आणखी लांब कर. मान धर, मान, पोस्टाचं पाकीट होय का ते. वळी उघड. उघड म्हटलं, चोळू नोको. पहिल्या दिवशी लेकरू माझ्या नडग्यांवरून घसरलं तेव्हा आशाताई पहिल्यांदा हसली. चार दिवसांत मानेतलं पुरळ गेलं.

पहिल्या दिवशी तिथून परत आले तर दारात माय उभी. हातात गडवा, गळ्यातलं डोरलं काढून त्यात.

"तेथून येऊन राहिली. थांब तेथंच."

"मला शिंपड काय शिंपडायचं ते," मी म्हणाले आणि लेकराचं डोकं पदराखाली घेतलं. "लेकराच्या तोंडाजवळ बोट आलं, तर याच पावली कोहमाऱ्याच्या बसमध्ये बसते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावर पाणी उडवलं, खांद्यावर उडवलं, चपलांवर उडवलं आणि बाजूला झाली. जायच्या दिवसापर्यंत रोज असंच चाललं. मी रोज ओली होऊन घरात शिरायची, लेकरू पदराखाली कोरडं.

त्या दिवसांत लेकराला एकदाही हगवण लागली नाही. मी सासरी गेल्यावर मायनं गावात सांगितलं, रोज दारात सोनपाणी शिंपडलं म्हणून.